उतारावरचे ओझे

भुसावळहून रात्रीच्या गाडीने मुंबईस निघालेल्या प्रवाशास पहाटेच्या सुमारास इगतपुरी लागते. खिडकी वर केली की गार वारा अंगास झोंबतो, चहावाल्याची हाक कानी पडते, आणि आता घाट आला म्हणून मुले जागी केली जातात. गाडी सुटते, बोगद्यांमागून बोगदे येऊ लागतात, डाव्या-उजव्या हातास दऱ्या उघडतात. आणि मग एकाएकी, जेथे स्टेशन नाही, वस्ती नाही, फलाट नाही, अशा ठिकाणी गाडी उभी राहते. प्रवासी चुळबूळ करू लागतात. कोणी घड्याळ पाहतो. कोणी म्हणतो, पुढे लाइन मोकळी नसेल; कोणी रेल्वेच्या कारभारावर दोन शब्द बोलून घेतो. इतक्यात गाडी जशी थांबली तशीच पुन्हा हळूहळू चालू लागते आणि थांबण्याचे कारण कोणासच कळत नाही.

त्या थांबण्याचे कारण सांगावे, एवढाच आजच्या भाषणाचा हेतू आहे. ते कारण सांगावयास दीडशे वर्षांहून अधिक मागे जावे लागेल. कारण अवजड ओझे डोंगरावरून सुखरूप खाली कसे आणावे, या प्रश्नाचे उत्तर आपल्या देशाने ज्या ठिकाणी प्रथम शिकून घेतले, त्यांतील एक ठिकाण म्हणजे हा थळघाट होय. आणि या घाटाच्या माथ्यावर देशावरून जे ओझे येऊन पोहोचे, त्याचा मोठा भाग भुसावळच्या रुळांवरून येत असे.

अवजड माल म्हटला की आपल्या मनापुढे प्रथम चढ उभा राहतो. बैल मान खाली घालून, खूर रोवून गाडी ओढीत आहेत, गाडीवान चाकाला खांदा देत आहे, हे चित्र आपल्या परिचयाचे आहे. परंतु जुन्या गाडीवानास विचारले असते, तर त्याने निराळेच सांगितले असते. चढावर बैल थकले तर गाडी थांबते. चाकाखाली दगड लावावा, बैलांना दम खाऊ द्यावा, पुन्हा निघावे. उतारावर मात्र बैल थकले तरी गाडी थांबत नाही. ती बैलांच्याच अंगावर येते. म्हणून मुंबई-आग्रा रस्त्याने थळघाट उतरताना गाडीवान चाकाला दोर आवळून ते जखडीत, नाहीतर गाडीमागे झाडाचा ओंडका बांधून तो फरफटत नेत. चढ हा बळाचा प्रश्न आहे, उतार हा आवरण्याचा. आणि बळ वाढविणे जितके सोपे, तितके आवरणे सोपे नाही.

रेल्वे आली तेव्हा हा प्रश्न नाहीसा झाला नाही. तो शतपट मोठा झाला. १६ एप्रिल १८५३ रोजी ग्रेट इंडियन पेनिन्सुला रेल्वेची, म्हणजे आपल्या जी. आय. पी. ची, पहिली गाडी बोरीबंदराहून ठाण्यास गेली. तो २१ मैलांचा मार्ग समुद्रकाठचा, सपाटीचा. परंतु मुंबईचे व्यापारी व विलायतेतील भागीदार ठाण्यास जाण्यासाठी रेल्वे बांधीत नव्हते. त्यांची दृष्टी सह्याद्रीपलीकडील कापसावर होती. खानदेश आणि वऱ्हाड ही कापसाची भूमी. आणि १८६१ ते १८६५ या काळात अमेरिकेत यादवी युद्ध पेटल्यामुळे तेथील कापूस लँकेशायरच्या गिरण्यांस मिळेनासा झाला, तेव्हा येथील कापसाला सोन्याचा भाव आला. हा कापूस बंदरावर न्यावयाचा, तर सह्याद्रीचा कडा उतरलाच पाहिजे.

या गोष्टीकडे श्रोत्यांनी विशेष लक्ष द्यावे. जगातील पुष्कळ डोंगरी मार्गांवर जड माल चढाच्या दिशेने जातो आणि रिकाम्या गाड्या खाली येतात. आमच्या घाटांत देशावरच्या पिकांपुरते तरी उलट होते. गाठींनी भरलेल्या वाघिणी माथ्यावरून तळाकडे, बंदराकडे जावयाच्या. म्हणजे ओझे जड आणि दिशा धोक्याची, असा दुहेरी योग. भुसावळ या व्यवहाराच्या मध्यावर वसले. १८६० नंतरच्या दशकात तापीकाठच्या या लहानशा गावातून लोहमार्ग गेला. येथून एक फाटा वऱ्हाडातून १८६७ साली नागपुरास पोहोचला, आणि दुसरा खंडव्यावरून जबलपुराकडे जाऊन १८७० च्या मार्चमध्ये मुंबई-कलकत्ता हा मार्ग सलग झाला. दोन्ही फाट्यांचा माल भुसावळास एकत्र येई व तेथून इगतपुरीच्या माथ्याकडे चालू लागे. भुसावळास इंजिनांची शेड झाली, मालाचे यार्ड झाले, ड्रायव्हर-गार्डांच्या वसाहती झाल्या, आणि घाट जरी शेकडो मैल दूर असला, तरी घाटाची गोष्ट या गावात घरोघर बोलली जाऊ लागली.

आता घाटाकडे वळू. या दोन्ही घाटांची आखणी जेम्स बर्कले या मुख्य इंजिनियराने केली. भोरघाटाचा मार्ग पावणेसोळा मैलांचा, त्यात १८३१ फुटांची चढण आणि २५ बोगदे. तेथील कामावर एका वेळी ४२ हजारांपर्यंत माणसे राबत होती. मक्तेदार सॉलोमन ट्रेडवेल हे १८५९ साली आल्यानंतर अल्पावधीतच वारले, आणि त्यांच्या पत्नी अॅलिस यांनी तो मक्ता पुढे चालवून पुरा करविला. हा घाट १८६३ साली खुला झाला. थळघाट लांबीने त्याहून कमी, सुमारे सव्वानऊ मैल; चढण ९७२ फूट; १३ बोगदे आणि ६ मोठे पूल, त्यांतील एहेगावचा पूल दरीच्या तळापासून सुमारे १८० फूट उंच. १ जानेवारी १८६५ रोजी तो वाहतुकीस खुला झाला. बर्कले यांना ते पाहावयास मिळाले नाही; १८६२ सालीच त्यांचा अंत झाला होता.

दोन्ही घाटांत चढाचे तीव्रतम प्रमाण एकच ठेवले होते: ३७ फुटांस १ फूट. पायी चालणाऱ्यास हा चढ जाणवतही नाही. आपल्या जिन्याच्या पायऱ्या याहून कितीतरी उभ्या असतात. परंतु लोखंडी रुळावर लोखंडी चाक ठेवले म्हणजे हिशेब बदलतो. रेल्वेचा सारा लाभ असा, की रुळावर चाकाला अडथळा फार थोडा. सपाटीवर एक टन ओझे चालते ठेवावयास काही शेरांचा जोर पुरतो. हाच गुण उतारावर वैरी होतो. ३७ स १ या उतारावर प्रत्येक ३७ टनांमागे १ टन ओढ गाडीला खाली खेचीत असते. २५० टनांची गाडी घेतली, तर सुमारे पावणेसात टनांची ओढ अखंड, रात्रंदिवस, न थकता खाली खेचणार. अशी गाडी मोकळी सुटली, तर एका मैलाच्या आत तिचा वेग ताशी साठ मैलांच्या घरात जाईल. आणि घाटाची वळणे असा वेग सहन करीत नाहीत.

यावर प्रथम कोणते उपाय योजले होते? पहिला उपाय मार्गातच होता. कडा इतका उभा, की सलग वळण घेऊन रूळ नेण्यास जागा नव्हती; म्हणून दोन्ही घाटांत उलट-स्थानके बांधली. गाडी एका बाजूने येई, पुढे रूळच संपे. तेथे इंजिन सोडवून दुसऱ्या टोकाला लावीत आणि गाडी उलट तोंडाने पुढची वाट धरी. नागमोडी दोरी डोंगरावर टाकावी तसा हा प्रकार. पुढे मार्ग बदलून ही स्थानके काढून टाकली, तरी थळघाटातील त्या ठिकाणाचे नाव रेल्वेच्या लेखी टी. जी. आर., म्हणजे थळघाटाचे उलट-स्थानक, असेच राहिले आहे. उतरणाऱ्या गाडीस निम्म्या वाटेत सक्तीने थांबावे लागे, हा त्यातील लाभ; परंतु गाडी न थांबली तर पुढे रूळ नाही, हा त्यातील भयंकर दोष.

दुसरा उपाय इंजिनाचा. घाटासाठी खास जड इंजिने विलायतेतून आणविली. १८६२ च्या सुमारास शार्प स्टुअर्ट कंपनीने बांधलेल्या इंजिनांना चाकांच्या ब्रेकखेरीज रुळावरच दाबून बसणारे, घसरगाडीसारखे ब्रेक होते. गाडीवानाचा फरफटणारा ओंडका तो हाच, केवळ पोलादी होऊन आला होता.

तिसरा उपाय माणसांचा, आणि तोच सर्वांत महत्त्वाचा व सर्वांत कच्चा. त्या काळी साऱ्या गाडीला एकत्र लागणारा ब्रेक नव्हता. इंजिनाला स्वतःचा ब्रेक असे. ब्रेकव्हॅनमध्ये गार्ड व ब्रेकवाले बसत. त्यांच्या हाती एक फिरकी, ती फिरवावी तसे लाकडी ठोकळे चाकांवर आवळले जात. ड्रायव्हरने शिटी द्यावी, ब्रेकवाल्याने ती ऐकावी, आणि दोन्ही हातांनी फिरकी आवळावी. मालगाडी असेल तर उतार लागण्यापूर्वी थांबून वाघिणींचे हातब्रेक एकेक करून बसवावयाचे, आणि खाली पोहोचल्यावर तितकेच पुन्हा सोडावयाचे. उतारावरच्या मार्गांवर सर्वत्र ही रीत होती. आता सह्याद्रीतील आषाढ डोळ्यांपुढे आणा. मुसळधार पाऊस, पुढचा डबा दिसत नाही असे धुके, बोगद्यात घुमणारा आवाज, ओले रूळ. अशा वेळी शिटी ऐकू येणार किती, आणि ओल्या हातांनी फिरकी आवळणार किती? गाडीची सुरक्षितता पाच-सहा माणसांच्या कानांवर आणि मनगटांवर टांगलेली होती. ती माणसे शूर होती यात संशय नाही. परंतु रोजच्या वाहतुकीचा भार शौर्यावर ठेवावा लागणे हीच त्या व्यवस्थेतील उणीव होती.

चढावरही संकट होतेच. एका इंजिनाने गाडी चढेना, म्हणून कसाऱ्यास मागून रेटणारी जादा इंजिने जोडीत; रेल्वेची माणसे त्यांना बँकर म्हणतात. ही रीत आजही आहे. भोरघाटाच्या पायथ्याशी कर्जतला बँकर जोडीपर्यंत गाडी थांबे, त्या वेळात बटाटेवड्यांची विक्री होई, आणि त्यातूनच कर्जतच्या वड्याचे नाव झाले हे सर्वांस ठाऊक आहे. परंतु बँकर केवळ रेटण्यासाठी नसतो. चढावर दोन डब्यांमधील कडी तुटली तर मागचा भाग तळाकडे धावत सुटेल. त्याला पाठीमागून टेकू असावा, हेही त्याचे काम होय.

कडी तुटून वा सोडून मागचा भाग सुटला तर काय होते, याचा धडा जगाला आयर्लंडमध्ये मिळाला. १२ जून १८८९ रोजी आर्मा या गावाहून शाळेच्या मुलांची सहलीची गाडी निघाली होती. चढावर इंजिन अडले. गाडीचे दोन भाग करून पुढचा भाग आधी वर न्यावा, असे ठरले. मागचे दहा डबे गार्डाच्या हातब्रेकवर आणि चाकांखाली लावलेल्या धोंड्यांवर विसंबून उभे ठेवले. पुढचा भाग निघताना किंचित मागे सरला, त्याचा धक्का बसला, धोंडे चुरडले आणि ते दहा डबे उताराने मागून येणाऱ्या दुसऱ्या गाडीवर जाऊन आदळले. सुमारे ८० जीव गेले. त्यांत पुष्कळशी मुले होती.

येथे विचार करण्याजोगी गोष्ट ही, की त्या गाडीला ब्रेक नव्हता असे नाही. साऱ्या डब्यांना जोडणारा निर्वात नळीचा ब्रेक होता. परंतु त्याची रचना अशी होती, की इंजिनाने हवा ओढून निर्वात केले तरच ब्रेक लागे. डबे इंजिनापासून सुटले, नळी उघडी पडली, आणि ज्या क्षणी ब्रेकची सर्वांत अधिक गरज होती त्याच क्षणी तो निरुपयोगी झाला. याच्या उलट रचनाही त्या वेळी उपलब्ध होती. तीत गाडी चालत असता इंजिन नळीतील हवा ओढून ब्रेक सुटलेले ठेवते. नळी तुटली, डबे सुटले, किंवा कोणी मुद्दाम हवा आत घेतली, की सर्व डब्यांचे ब्रेक आपोआप आवळले जातात. पहिल्या रचनेत थांबण्यासाठी काहीतरी करावे लागते. दुसरीत चालण्यासाठी काहीतरी करावे लागते, आणि ते करणे बंद पडले की गाडी थांबते. आर्माच्या अपघातानंतर त्याच वर्षी ब्रिटनमध्ये कायदा होऊन उतारूंच्या गाड्यांस हा दुसऱ्या प्रकारचा, आपोआप लागणारा ब्रेक सक्तीचा झाला. आपल्याकडेही निर्वात नळीचा हाच ब्रेक रूढ झाला व पुष्कळ दशके टिकला. पुढे त्याची जागा दाबलेल्या हवेच्या ब्रेकने घेतली. जॉर्ज वेस्टिंगहाउस यांनी तो अमेरिकेत १८७२ च्या सुमारास सिद्ध केला होता, आणि त्याचेही तत्त्व हेच होते.

आता आपण आरंभीच्या कोड्यापाशी परत येऊ. गाडी घाटात, रानात, का थांबते?

घाट उतरताना मुख्य मार्गापासून ठराविक ठिकाणी एक आडवाट फुटते. ती खाली न जाता डोंगराच्या अंगावर चढत जाते आणि पुढे संपते. तिला कॅच सायडिंग म्हणतात. कोणत्याही स्टेशनात रुळांचा सांधा सामान्यतः मुख्य मार्गाला लावलेला असतो आणि कारण पडले तरच तो आडवाटेस लावतात. येथे नेमके उलट आहे. सांधा नेहमी त्या आडवाटेस लावलेला असतो. उतरणाऱ्या गाडीने या सांध्याच्या अलीकडे थांबलेच पाहिजे. ती थांबली, ठरलेला वेळ उभी राहिली, म्हणजेच आपण ताब्यात आहोत याचा पुरावा तिने दिला, की मगच सांधा मुख्य मार्गास लागतो, सिग्नल मिळतो आणि ती पुढे जाते. न थांबली, तर तिला काही विचारण्याची गरजच उरत नाही. ती आपोआप आडवाटेस लागते, चढावर तिचा वेग मरतो, आणि खाली दरी, पूल व समोरून येणारी गाडी यांपैकी कशाशीही तिची गाठ पडत नाही.

श्रोतेहो, या व्यवस्थेतील विचार किती खोल आहे पाहा. तिने ड्रायव्हर हुशार आहे असे गृहीत धरलेले नाही. ब्रेक उत्तम आहे असे गृहीत धरलेले नाही. सांधेवाल्यास वेळीच सुचेल असेही गृहीत धरलेले नाही. प्रत्येक गाडी हातची सुटलेली आहे, असे धरून ती आरंभ करते, आणि तसे नाही हे सिद्ध करण्याची जबाबदारी गाडीवर टाकते. यात ड्रायव्हरचा अपमान आहे काय? मला तसे वाटत नाही. जुन्या व्यवस्थेत ब्रेक फसला म्हणजे सारा दोष त्या एका माणसाच्या माथी येई, आणि बहुधा तो आपली बाजू सांगण्यास जिवंतही नसे. या व्यवस्थेत त्याच्या एका चुकीची किंमत त्याचा व शेकडो उतारूंचा प्राण ही राहिलेली नाही. माणसावर अविश्वास दाखवून माणसाला वाचविणारी अशी ही युक्ती आहे.

पुढे वीज आली. ३ फेब्रुवारी १९२५ रोजी बोरीबंदर ते कुर्ला ही देशातील पहिली विजेची गाडी धावली, आणि १९२९-३० च्या सुमारास दोन्ही घाटांवर विजेच्या तारा पोहोचल्या. घाटातील मालगाड्यांसाठी १९२८ पासून जी इंजिने आली, त्यांचा आकार लांबुडका, दोन्हीकडे नाके पुढे आलेली, आणि चालताना सांध्यांतून निघणारा आवाज चमत्कारिक. रेल्वेच्या लोकांनी त्यांचे नाव 'खेकडा' ठेवले. या खेकड्याचा एक गुण मोठा अपूर्व होता. उतारावर त्याच्या मोटारी वीज खाण्याऐवजी वीज निर्माण करीत, आणि ती तारेत परत देत. उतरणारी गाडी अशा रीतीने चढणाऱ्या गाडीला हात देई.

हा लाभ केवढा, याचा हिशेब घरच्या भाषेत मांडता येईल. आज कोळशाने भरलेल्या ५८ वाघिणींच्या गाडीचे वजन सुमारे ४७०० टन भरते. असे ओझे थळघाटाइतके, म्हणजे ९७२ फूट खाली उतरविले, तर त्यातून जी शक्ती मुक्त होते ती सुमारे ३८०० युनिट विजेइतकी भरते. महिन्यास सव्वाशे युनिट जाळणाऱ्या घराची ती अडीच वर्षांची वीज झाली. ही सारी शक्ती अर्ध्या-पाऊण तासात कोठेतरी गेलीच पाहिजे. ती तारेत गेली नाही, तर ब्रेकच्या ठोकळ्यांत आणि चाकांत उष्णता होऊन जाईल. ठोकळे तापून लाल होतील, आणि तापलेल्या ठोकळ्यांची पकड ढिली पडत जाईल. उतारावर ब्रेक फसतो तो बहुधा एकाएकी तुटून नव्हे; तो असा तापत तापत, हळूहळू निकामी होतो. म्हणूनच उतारावरचा पहिला नियम असा, की वेग वाढल्यावर आवरू नये. वेग वाढूच देऊ नये. आणि याच कारणास्तव वीज आली, हवेचे ब्रेक आले, हजारो घोड्यांच्या बळाची नवी इंजिने आली, तरी कॅच सायडिंग गेले नाही. इंजिनाचे बळ वाढले तसे ओझेही वाढले, आणि ३७ स १ हे प्रमाण जेथल्या तेथे राहिले. ४७०० टनांना त्या उतारावरची ओढ होते १२७ टन.

या कोळशाच्या गाडीबरोबर थोडे पुढे, तिच्या उगमापर्यंत जाऊन पाहू. भुसावळजवळ दीपनगरच्या वीजकेंद्रासाठी कोळसा येतो, त्यात विदर्भातील वर्धा खोऱ्याच्या खाणींचा वाटा आहे. या खोऱ्यात वरोऱ्याची सरकारी खाण गेल्या शतकाच्या मागील शतकात, १८७० नंतरच्या दशकात सुरू झाली, तिच्यासाठी वर्ध्याहून लोहमार्ग नेला, आणि १९०६ साली ती बंद पडली. तेव्हा माणूस जमिनीच्या पोटात शिरून कोळसा काढीत असे. आज वणी, चंद्रपूर, उमरेड या भागांत पुष्कळ ठिकाणी वरची माती-दगड दूर सारून उघड्या खाणी खोदल्या आहेत. शेकडो फूट खोल खड्डा, त्याच्या कडेने पायऱ्या-पायऱ्यांनी चढणारा कच्चा रस्ता, आणि त्यावरून ३५ पासून १०० टनांपर्यंत ओझे वाहणारे डंपर. ज्याचे चाकच माणसाहून उंच.

हा रस्ता म्हणजे दुसरा घाटच होय, आणि घाटात जे शिकले गेले तेच येथे पुन्हा लिहावे लागले. १९५२ च्या खाण कायद्याखाली कोळसा खाणींचे नियम १९५७ साली झाले व २०१७ साली नव्याने झाले. रस्त्याचा चढ सामान्यतः १६ फुटांस १ फुटाहून अधिक नसावा. रस्त्याची कड जेथे मोकळी असेल तेथे भक्कम बांध असावा. डंपर मागे घेताना आपोआप आवाज व्हावा. अशा अटी आहेत. डंपरचा आणीबाणीचा ब्रेक कसा असतो? दाबलेली हवा किंवा तेल त्याची पोलादी स्प्रिंग दाबून ठेवते. दाब गेला की स्प्रिंग सुटते आणि ब्रेक लागतो. आर्माचा धडा हाच.

डंपरची एक अडचण मात्र रेल्वेहून निराळी आहे. रूळ गाडीला वाट सोडू देत नाही. येथे वाट राखणारा केवळ चालक. तो जमिनीपासून इतका उंच बसतो, की अगदी जवळ उभा असलेला माणूस वा लहान जीप त्याला दिसतच नाही. म्हणून खाणीत हिंडणाऱ्या लहान वाहनांवर उंच काठीला निशाण लावतात. आणि माती टाकण्यासाठी तो ढिगाच्या कडेपर्यंत पाठमोरा जातो, तेव्हा त्याच्यामागे काहीच नसते, असतो तो फक्त बांध. हा बांध चाकाला अडविण्यासाठी आहे असे पुष्कळांस वाटते. वस्तुतः तो चालकाला थांबण्याची जागा कळावी म्हणून आहे; कडेची माती मुळातच ठिसूळ, तेथे शंभर टनांचे ओझे बांधाला टेकविणे म्हणजे कड ढासळू देणे होय. बांध ही खूण आहे, आधार नव्हे. जो चालक बांधालाच ब्रेक समजतो, त्याने शेवटची आडवाट आधीच खर्च केलेली असते.

येथे एक गोष्ट स्पष्ट सांगितली पाहिजे. रेल्वेच्या घाटात कॅच सायडिंग कोणाच्या मर्जीवर नाही. गाडीला कितीही उशीर झालेला असो, सांधा आडवाटेसच लागलेला राहील. खाणीच्या रस्त्यावर असे सर्वत्र म्हणता येत नाही. बांध पावसात वाहून जातो, तो पुन्हा घालण्यास यंत्र व वेळ लागतो. कामाचा हिशेब मात्र दिवसाच्या खेपांवर होतो. ब्रेक तपासण्यासाठी डंपर उभा ठेवला तर खेपा कमी पडतात. अशा वेळी तपासणीच्या वहीवर सही होते आणि डंपर चालू पडतो. जो नियम उशिराच्या दिवशी बाजूस ठेवता येतो, तो नियम नव्हेच. आणि धोका तर नेमका उशिराच्याच दिवशी अधिक असतो. घाटाने दीडशे वर्षांत जे शिकविले ते हे, की सुरक्षिततेची व्यवस्था माणसाच्या सवडीवर सोडू नये, ती वाटेतच बांधून टाकावी.

भुसावळात पिढ्यानुपिढ्या ड्रायव्हर, गार्ड, सांधेवाले यांची घरे नांदली. आज येथील प्रशिक्षण संस्थेत तरुण मुले-मुली येतात आणि ब्रेकची नळी, सिग्नल, सांधा यांचे धडे घेतात. अशा घरांतून रात्री-अपरात्री कामावर जाणाऱ्यास निरोप देताना कोणी बळाची, वेगाची गोष्ट काढीत नाही. जपून जा, एवढेच म्हणतात. इंजिनियरांनी, कायदे करणाऱ्यांनी आणि अपघातांत बळी गेलेल्यांनी मिळून जी व्यवस्था उभी केली, तिचा सारा अर्थ त्या दोन शब्दांत आहे. फरक इतकाच, की जपण्याचे काम तिने एकट्या जाणाऱ्यावर ठेवलेले नाही.

तेव्हा पुढच्या खेपेस इगतपुरीच्या खाली, बोगद्यांच्या मध्ये, गाडी उगीचच थांबली असे वाटले, तर घड्याळ पाहू नका. खिडकीतून पुढे पाहा. एक रिकामा रूळ डोंगरावर चढत जाऊन झाडीत संपलेला कदाचित दिसेल. पुष्कळदा त्याच्यावर गंज चढलेला असतो. तो तसाच गंजत राहो, आणि तरीही सांधा नेहमी त्यालाच लागलेला असो.